मदत हवी आहे: व्हेरिएबल आहे, तरी एसक्यूएल०३१२ येतोय

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच एररवर अडकलोय, कुणी वाट दाखवेल का. आयबीएम आयवर (आयबीएमची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टम) एक जुना एसक्यूएलआरपीजीएलई (आरपीजी भाषेत एसक्यूएल मिसळलेला) प्रोग्राम आहे, मी त्यात फक्त एक सिलेक्ट इनटू (टेबलातला डेटा व्हेरिएबलमध्ये आणणारं एसक्यूएल) वाढवलं आणि कंपाईलला टाकलं तर एसक्यूएल०३१२, सिव्हिरिटी ३०, म्हणे :ऑर्डर.टोटल (ऑर्डर स्ट्रक्चरमधलं टोटल फील्ड) डिफाइन नाहीये किंवा वापरता येत नाही. स्पेलिंग अक्षरन् अक्षर तपासलं, कोलन आहे, टाइपही कॉलमशी जुळतो. मग एसक्यूएल कॉमेंट करून त्याच फील्डमध्ये शून्य टाकून बघितलं तर कंपाईल मुकाट्याने झालं! म्हणजे आरपीजी कंपायलरला ते फील्ड दिसतंय.

ऑर्डरचं डेटा स्ट्रक्चर (एका नावाखाली बांधलेली फील्ड्स) थेट सोर्समध्ये चिकटवलं की चालतं, पण तेच स्ट्रक्चर बरेच प्रोग्राम वापरतात, सगळीकडे चिकटवणं मला अजिबात पटत नाही, उद्या एक फील्ड वाढलं तर शोधत बसावं लागेल. प्रोग्राममध्ये /कॉपी (दुसऱ्या मेंबरमधला, म्हणजे वेगळा ठेवलेला, सोर्स आत आणणारी ओळ) आहे आणि त्या मेंबरच्या आत /इनक्लूड (तेच काम करणारी दुसरी ओळ) करून हे स्ट्रक्चर येतं, याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १
संबंध आहे, तिथेच अडतंय. आधी एसक्यूएलचा प्रीकंपायलर (एसक्यूएलच्या ओळी आरपीजीत बदलणारा) सोर्स वाचतो, आरपीजी कंपायलरची पाळी नंतर. कंपाईल कमांडचं आरपीजीपीपीओपीटी हे पॅरामीटर *नन असेल, आणि डिफॉल्ट तेच असतं, तर तो /कॉपी स्वतः उघडतो पण /इनक्लूडकडे बघतच नाही, म्हणून तुमचं स्ट्रक्चर त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. सीआरटीएसक्यूएलआरपीजीआय या कंपाईल कमांडवर त्याच पॅरामीटरला *एलव्हीएल२ द्या, मग /इनक्लूडही उलगडतं. *एलव्हीएल१ ने भागणार नाही, त्यात फक्त /कॉपी उलगडते. सोर्समधल्या सेट ऑप्शनमध्ये (एसक्यूएलचे पर्याय ठरवणारी ओळ) हे लिहिता येत नाही, कमांडवरच द्यावं लागतं. सोबत आउटपुट *प्रिंट पण द्या, नाहीतर प्रीकंपाईलचं लिस्टिंग (ओळी आणि एररची छापील यादी) निघत नाही आणि माणूस अंदाजावर चाचपडत बसतो.

मूळ प्रश्नकर्ता
झालं!! *एलव्हीएल२ दिलं आणि ०३१२ गेला, मनापासून आभार. आता आरएनएफ७०३० (नाव डिफाइन नाही, असा आरपीजी कंपायलरचा एरर) आलाय, तो बहुतेक माझाच टायपो असेल, पण त्यातला लाइन नंबर माझ्या सोर्सशी जुळतच नाही, त्या ओळीवर तर नुसती कॉमेंट आहे?

प्रतिसाद १
तो नंबर तुमच्या सोर्सचा नाही, प्रीकंपायलरने तयार केलेल्या सोर्सचा आहे. क्यूटेम्पमध्ये (तुमच्या सेशनची तात्पुरती लायब्ररी) क्यूएसक्यूएलटेम्प१ फाइल उघडा, तुमच्या प्रोग्रामच्या नावाचा मेंबर असेल, त्यात ती ओळ बघा. सेशन चालू आहे तोवरच बघा, साइनऑफ केलंत की क्यूटेम्प पुसलं जातं.