आजोबांच्या अल्बममधलं विमान एचटी-२ की चिपमंक? मदत हवी आहे

माझे आजोबा पन्नासच्या दशकात हवाई दलात होते. दादरच्या घरी त्यांचा अल्बम सापडला. एका कृष्णधवल फोटोत ते प्रशिक्षण विमानाच्या पंखावर एक पाय ठेवून उभे आहेत. घरातले सगळे म्हणतात टायगर मॉथ, पण ते दुपंखी. इथे एकच पंख आहे, तोही खाली. नाक निमुळतं, चाकांचे पाय जाडसर, दोन आसनं एकामागे एक. त्यामुळे गोल इंजिनाचं हार्वर्ड आणि शेजारी-शेजारी आसनांचं प्रेंटिस दोन्ही बाद. उरतात बंगळूरला बनलेलं, १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं एचटी-२ आणि डी हॅविलंडचं चिपमंक. इथेच गाडी अडली आहे.

शेपूट चौकटीबाहेर गेल्यामुळे क्रमांक दिसत नाही. फोटो पानाला घट्ट चिकटलेत, सोडवायला गेलो तर फाटतील, म्हणून मागचा मजकूर वाचता येत नाही. मोठा स्कॅन केलाय, हवा तो भाग वाढवून देईन. काचेच्या छताच्या पट्ट्या आणि इंजिनाच्या बाजूची जाळी त्यात स्वच्छ दिसते.

नाक, छत आणि चाकांचे पाय एवढ्यावरून ही दोन विमानं खात्रीने वेगळी ओळखायची तर नेमकं काय पाहायचं?