ड्रायव्हर फुकटचा म्हणून दोष त्याचाच?

रबाळे_जावा
तुर्भ्याच्या गोदामांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. मध्यंतरी त्याचा डेटाबेस, म्हणजे फुकट मिळणारा पोस्टग्रेस, ९.६ आवृत्तीवरून १४ वर नेला. पंधरा दिवस सगळं सुरळीत. मग नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला आणि त्या क्षणापासून अ‍ॅप लॉगिनच होईना. लॉगमध्ये एकच तक्रार: ऑथेंटिकेशन (ओळख पटवण्याचा) टाइप १० चालत नाही. रात्री साडेअकराला उलगडा झाला. १४ मध्ये नवा पासवर्ड आपोआप स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवला जातो, तोच हा टाइप १०. आधीचा पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीचा होता, म्हणून तोवर निभावलं. आणि आमच्या लिब फोल्डरमध्ये जेडीबीसी ड्रायव्हरची (जावातल्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडची) ९.४ ची जार फाइल कोणीतरी कधीकाळी टाकलेली! या ड्रायव्हरमध्ये स्क्रॅम आलं ४२.२.० आवृत्तीत, २०१८ साली. जार बदलली, दहा मिनिटांत काम सुरू.

आता साहेब म्हणतात, फुकटातलं असंच असतं, विकतचा ड्रायव्हर घेऊ. मला हे अजिबात पटत नाही. दुरुस्ती कित्येक वर्षं तयार होती, आम्ही ती उचलली नाही.

ऐरोली_रात्रपाळी
दादा, साहेबांचं बरोबर आहे. मी बँकेच्या कामावर आहे. रात्री दोनला व्यवहार अडकले की गिटहबवर (खुला कोड ठेवायच्या साइटवर) तक्रार टाकून उत्तराची वाट बघता येत नाही, फोन उचलणारा माणूस लागतो. पायथनमधून पोस्टग्रेसला जोडणारा सायकॉपजी ड्रायव्हर बघा, इतक्या लोकांचं काम त्यावर चालतं आणि भार मुख्यतः डानिएले वाराझो या एका माणसावर. उद्या ते थकले तर? तुमच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्येही २०२४ साली एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसच्या आज्ञेत बाहेरच्याला स्वतःची आज्ञा घुसवता येण्याची) त्रुटी निघाली, गांभीर्य १० पैकी १०. ऑडिटरला मी काय सांगू?

रबाळे_जावा
ती त्रुटी मी कोड उघडून वाचली आहे. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) वजाचं चिन्ह आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह, म्हणजे मूल्य भरायची जागा, असेल, आणि तिथे ऋण संख्या भरली, तर दोन वजा शेजारी येतात. एसक्यूएलमध्ये दोन वजा म्हणजे ओळीचा पुढचा भाग कॉमेंट, तो डेटाबेस सोडून देतो. पण हे होतं फक्त क्वेरी मोड मुद्दाम ‘सिंपल’ ठेवला तर. मूळ सेटिंगमध्ये नाही. दुरुस्ती थेट जुन्या ४२.२ मालिकेपर्यंत दिली, ४२.२.२८ मध्ये. ऑडिटरला हेच दाखवा. कोड न दाखवणाऱ्या बंद ड्रायव्हरमध्ये कंपनी सांगेल तेवढंच कळतं.

कोपरी_पूर्व
तुम्ही दोघंही परवान्याबद्दल बोलत नाही आहात, आणि आम्ही अडकलो ते तिथेच. मायएसक्यूएल डेटाबेसचा जावा ड्रायव्हर कनेक्टर-जे जीपीएल दोन या परवान्यावर आहे. आमचं बंद प्रॉडक्ट गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसवून द्यायचं, त्यात तो घालून दिलेला. वकीलबाई म्हणाल्या, एकतर तुमचा कोड खुला करा, नाहीतर व्यावसायिक परवाना घ्या. आमचा डेटाबेस मायएसक्यूएलपासूनच निघालेला मारियाडीबी होता, म्हणून त्याचाच एलजीपीएल या सैल परवान्याचा कनेक्टर घेतला. पोस्टग्रेसवाला ड्रायव्हर बीएसडी परवान्यावर आहे, तिथे ही कटकट नाही. जार उचलण्याआधी लायसन्सची फाइल उघडा हो, पाच मिनिटं लागतात.

ऐरोली_रात्रपाळी
ताईंचा मुद्दा मोलाचा. पण माझा प्रश्न तसाच राहतो, जबाबदारी कोणाची?

रबाळे_जावा
मदतीचा करार वेगळा घेता येतो की! पोस्टग्रेससाठी तसं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यासाठी ड्रायव्हर बंद असायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरचा जेडीबीसी ड्रायव्हर २०१६ मध्येच एमआयटी परवान्यावर खुला केला. ओरॅकलचा पायथन ड्रायव्हरही खुला आहे, आणि २०२२ पासून थिन मोडमध्ये, म्हणजे ओरॅकलची वेगळी क्लायंट लायब्ररी न बसवताही चालतो. डेटाबेस विकणारेच ड्रायव्हर खुला ठेवतात, मग आपण कशाला घाबरायचं?

सोमवारी साहेबांपुढे मांडतोय: महिन्यातून अर्धा दिवस एकाने प्रत्येक ड्रायव्हरची रिलीज नोट वाचायची, जार टेस्ट सर्व्हरवर चढवायची. परवान्याचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पाठवायचे.

ऐरोली_रात्रपाळी
त्या ‘एकाचं’ नाव कागदावर लिहून न्या. नाव नसेल तर मी अजूनही विकतच्याच बाजूने.