ड्युअल-क्लच स्पोर्ट्स कार हाती आली की गिअर पहिल्यापासून स्वतः बदलावेत की 'डी'त टाकून मोकळं व्हावं?

घाटचालक (धागाकर्ता)

जन्मभर मॅन्युअल चालवलेल्या माणसाने ड्युअल-क्लचची (दोन क्लचचा, गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स असलेली) स्पोर्ट्स कार घेतली की त्याला दहा ठिकाणांहून एकच सल्ला मिळतो: 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते त्या मोडमध्ये) टाक आणि गिअर विसरून जा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा काढला. शहराबाहेर पडलात की पहिल्या दिवसापासून पॅडल (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या) वापरा, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन आहे. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३०० पीएस, सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स. नॉर्मल मोडमध्ये या गिअरबॉक्सला वरचा गिअर टाकायची फार घाई असते, कारण त्याला पेट्रोल वाचवायचं असतं. मुळशी सोडून ताम्हिणीकडे निघालं की साठच्या आसपासच तो वरच्या गिअरला जाऊन बसतो. पुढचं वळण मला दिसतंय, इथे तिसरा लागणार हे मला कळतंय. गाडीला रस्ता दिसत नाही. वळणातून बाहेर पडताना मी पाय देतो तेव्हा कुठे तिला कळतं. क्षणभर काहीच होत नाही, मग दोन-तीन गिअर खाली येतात आणि ३८० न्यूटन-मीटरचा जोर एकदम मागच्या चाकांवर येऊन पडतो. ओल्या घाटरस्त्यावर हे धोक्याचं आहे. तेच वळणाआधी, ब्रेकवर पाय असतानाच डावा पॅडल दोनदा ओढला की गाडी स्वतः रेस देऊन आरपीएम जुळवते आणि वळणात शिरताना हवा तो गिअर लागलेला असतो.

दुसरा मुद्दा डाव्या पायाचा. मॅन्युअलवाल्याचा पाय थांबायच्या वेळी आपोआप क्लच शोधतो. तिथे आता असतो ब्रेकचा रुंद पेडल, आणि क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला गेला तर मागचा माणूस आपल्यावर येऊन आदळू शकतो. डावा पाय डेड पेडलला (डाव्या कडेच्या, नुसता पाय टेकायच्या पट्टीला) टेकवून ठेवायचा, टाच सुद्धा हलवायची नाही. पॅडल वापरणाऱ्याची ही सवय लवकर सुटते असं माझं निरीक्षण आहे, कारण गिअर बदलायचं काम हाताकडे आहे हे डोक्यात पक्कं बसतं.

तुमचं मत काय? 'डी'वाल्यांनी जरूर लिहावं.

तिसरापेडल

माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. डावा पाय गप्प बसवायला शिकायचं, हात पॅडलला लावायला शिकायचं, गाडीच्या डोक्यात काय चाललंय त्याचा अंदाज बांधायला शिकायचं. एवढं सगळं शिकून मिळवलं काय? ७१८च्याच कंपनीच्या आकड्यांत मॅन्युअल शून्य ते शंभर ५.१ सेकंदांत जाते आणि पीडीके ४.९ सेकंदांत. शिवाय पीडीके ३० किलोने जड. सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी आपण चालवण्यातला अर्धा आनंद देऊन टाकला.

आणि हे म्हणणारा मी एकटा नाही. २०१३ साली पोर्शेने नवी ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली, तेव्हा कंपनीचे जुने निष्ठावंत ग्राहकच नाराज झाले. पुढे २०१६ला ९११ आर आली, फक्त मॅन्युअल आणि फक्त ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि लोक मूळ किमतीच्या कितीतरी पट द्यायला तयार झाले. २०१७च्या जीटी३ला मॅन्युअल परत आला. ज्यांनी हा गिअरबॉक्स बनवला त्यांनाच तिसरा पेडल, म्हणजे क्लच, परत द्यावा लागला, यातून काय ते समजा.

घाटचालक, तुम्ही पॅडलने गिअर 'स्वतः' बदलता असं लिहिलंय. तुम्ही फक्त विनंती करता. गिअर बदलतो कॉम्प्युटर, आणि त्याला पटलं नाही तर तो नकारही देतो.

श्टुटगार्टकर

मी इथे जर्मनीत जुनी ९११ चालवतो, ९९७ची दुसरी आवृत्ती, म्हणजे ज्या गाडीतून २००८ साली पीडीके पहिल्यांदा रस्त्यावर आला ती. त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

तिसरापेडल, हा गिअरबॉक्स आळशी लोकांसाठी जन्माला आला असा तुमचा सूर दिसतो. इतिहास वेगळा आहे. दोन क्लचची कल्पना फ्रान्सच्या अडोल्फ केग्रेसची, १९३०च्या दशकातली. पण ती खरी राबवली पोर्शेने, १९८०च्या दशकात, वाइसाखच्या आपल्या संशोधन केंद्रात, ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर. १९८६ला मोंझाची शर्यत हान्स-योआखिम श्टुक आणि डेरेक बेल यांनी पीडीके लावलेल्या ९६२मध्ये जिंकली. टर्बो इंजिनात गिअर बदलताना पाय उचलला की बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पडतो. दोन क्लच असले की ताकद न तुटता पुढच्या गिअरला जाते, म्हणून हा खटाटोप. वजन जास्त, बिघाड जास्त, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. तो शर्यतीसाठी घडला, सिग्नलसाठी नाही.

आता घाटचालक, तुमच्याशीही माझं पटत नाही. तुम्ही नॉर्मल मोडवरून सगळ्या 'डी'ला नापास केलंत. स्पोर्ट बटण दाबा. ब्रेक जोरात लावला की गाडी आपणहून गिअर खाली आणते आणि वळणात गिअर धरून ठेवते. स्पोर्ट प्लसमध्ये तर न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर मला पॅडलला हात लावावासा वाटला नाही. २०.८ किलोमीटरचा फेरा, सत्तरच्या वर वळणं. तिथे डोकं रेषेत आणि ब्रेकच्या जागेत गुंतलेलं असावं. गिअर मोजण्यात अडकलेला माणूस ब्रेकला उशीर करतो.

आणि माझ्या गाडीत तर पॅडलसुद्धा नाहीत, स्टिअरिंगवर सरकती बटणं आहेत: अंगठ्याने ढकललं की वरचा गिअर, मागून बोटाने ओढलं की खालचा, दोन्ही बाजूंना तसंच. अर्धं स्टिअरिंग फिरवलेलं असताना कुठलं बटण कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं. त्यावर एवढी ओरड झाली की पोर्शेने पुढे नेहमीचे पॅडल पर्याय म्हणून दिले. त्यामुळे 'पहिल्या दिवसापासून हाताने' हा नियम सगळ्या गाड्यांना लागू करू नका.

गिअरबॉक्सवाले काका

मंडळी, मी गिअरबॉक्स उघडून पोट भरतो. तुम्ही सगळे घाट आणि ट्रॅकवर बोलताय. माझ्याकडे येणारी गाडी घाटात बिघडलेली नसते, ती ट्रॅफिकमध्ये बिघडलेली असते.

आधी घाटचालकांनी लिहिलेला 'क्षणभर काहीच होत नाही' हा प्रकार. एका शाफ्टवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही पाचव्यात रेस देत असलात की गाडी सहावा तयार करून बसते, कारण तिला वाटतं आता तोच लागणार. तुम्ही अचानक पाय दाबून चौथा मागितलात तर सहावा सोडून चौथा लावायला वेळ जातो. सहाव्यातून थेट चौथा मागितला तर आणखी पंचाईत, कारण दोन्ही एकाच शाफ्टवर. ब्रेकवर असताना गाडी खालचा गिअर तयार ठेवते, म्हणून तेव्हा पॅडल ओढला की तो लगेच लागतो. म्हणजे घाटचालकांचा अनुभव खरा आहे, आणि स्पोर्ट मोडने तो बराचसा सुटतो हे श्टुटगार्टकरांचंही खरं.

आता मुख्य गोष्ट. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणाऱ्या साध्या ऑटोमॅटिक गाडीची सवय असलेला माणूस ड्युअल-क्लच घेऊन चढावर उभा राहतो आणि ब्रेकऐवजी रेसवर गाडी धरतो. किंवा ब्रेक अर्धवट दाबून रांगत राहतो. त्या वेळी आत क्लच अर्धा लागलेला असतो आणि सतत घासतो. मी असे क्लच पॅक उघडलेत. स्टीलच्या प्लेटा निळ्या-काळ्या झालेल्या, घर्षणाचा थर नखाने खरवडला तरी निघतो, आणि तेलाला करपल्याचा वास. कोरड्या क्लचमध्ये तर थंड करायला तेलही नसतं. ब्रेक घट्ट दाबा, क्लच पूर्ण सुटतो. पुढच्या गाडीने दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी केली की मगच हला आणि नीट हला. दर हाताला पुढे सरकू नका. सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही.

पॅडल की 'डी', ते तुमचं तुम्ही बघा. गिअरबॉक्सचं आयुष्य रांगण्यात जातं.

तिसरापेडल

काका, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. पुण्या-मुंबईत रांगल्याशिवाय गाडी पुढे जाते का? जी वस्तू रांगायला नको म्हणते ती इथे चालवायचीच कशाला? डीएसजीपायी (फोक्सवॅगनचा ड्युअल-क्लच) २०१३ साली कंपनीला एकट्या चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बीएमडब्ल्यूने एम३-एम४ला आधी सात गिअरचा ड्युअल-क्लच दिला आणि २०२०च्या नव्या पिढीत तो काढून साधा टॉर्क कन्व्हर्टर लावला.

गिअरबॉक्सवाले काका

चीनमधल्या प्रकरणात मुख्य दोष मेकॅट्रॉनिक्सचा होता, म्हणजे गिअर हलवणाऱ्या कंट्रोल युनिटचा. चालकाच्या सवयीशी त्याचा संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. आणि मॅन्युअलचा क्लच काय अमर आहे? हाफ क्लचवर चढ चढणाऱ्यांच्या क्लच प्लेटा मी त्याहून जास्त बदलल्यात. फरक बिलाचा आहे, तो मात्र मोठा आहे, हे कबूल.

रॅम्पवाली

इथे सगळेजण तिसऱ्या-चौथ्या गिअरवर भांडताय. मला ड्युअल-क्लचची सवय व्हायला जिथे खरा त्रास झाला ती जागा म्हणजे आमच्या सोसायटीचं तळघर. माझ्याकडे आय२० एन लाइन आहे, सात गिअरचा डीसीटी (ड्युअल-क्लचच), टर्बो. स्पोर्ट्स कार नव्हे हे मान्य, पण स्वभाव तोच.

उभा रॅम्प, वर रखवालदाराचं गेट, आणि खाली खांबाच्या बाजूने गाडी रिव्हर्समध्ये वीतभर जागेत घालायची. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचने मी गाडी बोटभर सुद्धा सरकवायचे. इथे ब्रेक सोडला की गाडी आधी थांबते, विचार करते, आणि मग एकदम उसळते. थोडी रेस द्यावी तर जास्त जाते. यावर ना पॅडल कामाचे ना स्पोर्ट मोड.

मला जमलं ते असं: ब्रेक एकदम सोडायचा नाही. हळूहळू उचलायचा, गाडीने क्लच धरल्याचा हलकासा थरथराट बुडाखाली जाणवेपर्यंत, आणि मग ब्रेकनेच वेग ठरवायचा. चढावर हिल होल्डच्या (ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवते त्या सोयीच्या) एक-दोन सेकंदांत पाय रेसवर गेलाच पाहिजे. काका म्हणतील हे घासणं झालं. पण पार्किंगपुरतं एवढं चालतं ना? की तेही नको?

आणि एक शंका. एका ओळखीच्यांनी डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने रेस असं सुचवलं. रॅम्पवर ते बरं वाटतं. करावं का?

श्टुटगार्टकर

ताई, डाव्या पायाने ब्रेक ट्रॅकवर शिकवतात, पण तिथे सुद्धा दोन्ही पेडल एकत्र दाबण्यासाठी नाही. बहुतेक नव्या गाड्या ब्रेक आणि रेस एकत्र मिळाले की इंजिनची ताकदच कापतात. नेमकं रॅम्पवर तसं झालं तर गाडी मागे येईल.

घाटचालक

डाव्या पायाबद्दल मी याहून कडक लिहीन. क्लच दाबून दाबून त्या पायाला पूर्ण खोल जायची सवय लागलेली असते, हलका दाब त्याला येतच नाही. रॅम्पवर, मागे खांब असताना, त्याच्यावर भरवसा टाकू नका. तो डेड पेडलवरच बरा.

श्टुटगार्टकर, तुमच्या सांगण्यावरून स्पोर्ट मोडमध्ये वरंधा करून आलो. भोरकडून चढताना गाडीने गिअर अगदी माझ्या मनातले टाकले, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण महाडकडे उतरताना नाही. लांब उतारावर मला दुसऱ्यात इंजिन ब्रेकिंग हवं होतं. मी ब्रेक हलकाच वापरत होतो, म्हणून गाडी तिसऱ्यातच राहिली. जोरात ब्रेक मारला असता तर तिने गिअर उतरवला असता, पण पुढे एसटी आणि कडेला दरड, तिथे जोरात ब्रेक कशाला मारू? डावा पॅडल एकदा ओढला, काम झालं. तर माझं मत एवढ्यापुरतं बदलतं: चढावर स्पोर्ट 'डी' चालेल, उतारावर हाताने.

तिसरापेडल, नकाराबद्दल. शंभरच्या वेगात चुकून पहिला मागितला तर गिअरबॉक्स देत नाही, हे मला हवंच आहे. मॅन्युअलमध्ये तोच गिअर पडतो आणि इंजिन जातं.

तिसरापेडल

चुकून पहिला पडू नये म्हणूनच तर शिकायचं असतं. चूक करायची मुभा काढून घेतली की शिकणं थांबतं, हे मी शेवटपर्यंत म्हणेन. २०२५ला गोल्फ जीटीआय भारतात आली ती फक्त डीएसजीत, त्या वर्षीची ऑक्टेव्हिया आरएसही तशीच. ज्याला तिसरा पेडल हवाय त्याने जायचं कुठे? तुम्ही तुमच्या पॅडलवर खूश राहा, माझा राग त्याच्यावर नाही. पर्याय काढून घेण्यावर आहे.

श्टुटगार्टकर

या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. इथे तर २०२१पासून ड्रायव्हिंगची परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही मॅन्युअल चालवायचा परवाना मिळतो, शाळेत मॅन्युअलचे दहा तास आणि छोटी चाचणी केली की झालं. इथली नवी मुलं क्लच तेवढ्यापुरताच शिकतात.

गिअरबॉक्सवाले काका

रॅम्पवाली ताई, पार्किंगपुरतं तुम्ही करताय ते बरोबर आहे. गाडी त्यासाठीच रांगते. फक्त गेट उघडायची वाट बघत चढाच्या मध्ये उभं राहू नका. खाली सपाटीवर थांबा, गेट पूर्ण उघडलं की एका दमात वर या. करपल्याचा वास आला किंवा गरम झाल्याचा इशारा लागला तर बाजूला घ्या, 'पी'मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवून थांबा.

घाटचालक, तुमची सेकंडहँड आहे म्हणता. पॅडलवर पुढचं लिहिण्याआधी सर्व्हिस बुक काढा आणि गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं ते इथे लिहा. ओल्या क्लचचं तेल क्लचच्या घासण्याने खराब होतं, ते 'लाइफटाइम' नसतं.