खांद्याच्या नसेला इजा झाल्यावर व्यायाम कुठवर करावा?

प्रश्न (सातारा)

दुचाकीवरून पडल्याने माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या खांद्याला जबर मार बसला. हाड मोडलेले नाही. परंतु मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे, ज्याला डॉक्टर ब्रॅकिअल प्लेक्सस म्हणतात, ते ताणले गेले आहे. खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, बोटे मात्र हलतात. तालमीत वाढलेल्या मुलाला नुसते बसून राहणे जड जाते आहे. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी जोर मारायला सांगतात, तर कोणी गरम तेलाने रगडायला. त्याने नक्की काय करावे?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, सांगली)

जोर तूर्त पूर्ण बंद ठेवावेत. बैठकांना हरकत नाही, मात्र हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत, हवा. खांद्यावरचा स्नायू लुळा पडला की हाताच्याच वजनाने दंडाचे हाड सांध्यातून खाली ओघळते आणि आधीच दुखावलेली नस आणखी ताणली जाते. म्हणून उभे असताना हात लोंबकळू देऊ नये, त्या हातात पिशवी देऊ नये, आणि अंगरखा चढवताना घरच्यांनी मनगट धरून ओढू नये. कोपराखाली तळवा देऊन हात उचलावा.

दुसरीकडे, हात हलवलाच नाही तर सांधा आखडतो आणि नस सुधारूनही खांदा वर जात नाही. यासाठी उताणे झोपून डाव्या हाताने उजव्या हाताला आधार देत तो सावकाश, दुखणार नाही इतकाच वर न्यावा. कोपर, मनगट व बोटेही तशीच पूर्ण वाकवून सरळ करावीत. एकदाच घाम गाळण्यापेक्षा दिवसातून अनेकदा थोडे थोडे केलेले बरे. मात्र नसेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जन सांगेपर्यंत यातले काहीही करू नये.

इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी केलेल्या ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विद्युत संकेत मोजणाऱ्या, तपासणीतून नसेची अवस्था अधिक स्पष्ट होते. ती लांबणीवर टाकू नका, कारण शस्त्रक्रियेची गरज पडलीच तर ती साधारणतः पहिल्या सहा महिन्यांत होणे हिताचे असते.

उत्तर २ (कराड, याच दुखण्यातून गेलेला)

वरील उत्तराला तेलाविषयी जोड देतो. बधिर कातडीला चटका कळत नाही. चहाचा पेला टेकून माझ्या हातावर फोड आला, तो बायकोने दाखवला तेव्हा मला समजला. त्यामुळे गरम तेल, शेकाची पिशवी आणि रगडणे तिन्ही दूर ठेवावे, आणि बधिर भाग रोज डोळ्यांनी तपासावा.

नस वाढते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. गळ्यापासून बेटकुळीपर्यंत पोचायला तिला कित्येक महिने लागतात, हे भावाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो उतावीळ होऊन डंबेल उचलणार नाही. स्नायूत हालचाल दिसू लागल्यावर माझ्या थेरपिस्टने मला कॅरम बोर्डावर पावडर टाकून त्यावर हात सरकवायला लावले. हाताचा भार बोर्ड पेलतो, त्यामुळे अशक्त स्नायूलाही काम करता येते. वजनाची पाळी पुष्कळ नंतर आली.

प्रश्नकर्ता

दोघांचाही आभारी आहे. त्याला रोज अजिंक्यताऱ्यावर चालत जायचे आहे आणि पुढे पोहायचेही आहे. चालेल का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, सांगली)

डांबरी रस्त्याने, स्लिंग लावून, कोणाला तरी सोबत घेऊन अवश्य जावे. पाय आणि दम टिकलेच पाहिजेत. पायवाटा, विशेषतः पावसाळ्यात, टाळाव्यात, कारण तोल गेला तर सावरायला उजवा हात पुढे येणार नाही आणि मार पुन्हा त्याच खांद्यावर बसेल. नदीत किंवा विहिरीत पोहणे तर नकोच. उथळ पाण्यातला व्यायाम पुढे थेरपिस्टच्या देखरेखीखाली करता येईल. व्यायामानंतरची वेदना दुसऱ्या दिवशीही राहिली तर प्रमाण कमी करावे, आणि बधिरपणा पसरू लागला किंवा बोटांची ताकद घटली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.