कलेने तुम्हाला सावरलंय का? अनुभव लिहा

मन थाऱ्यावर नसताना हाताने काहीतरी केलं आणि बरं वाटलं, असं बऱ्याच जणांना कधी ना कधी होतं. पण 'मला कुठे चित्र काढता येतं' या वाक्यापायी आपण ते कुणाला सांगत नाही. म्हणून हा धागा. चित्र, विणकाम, माती, कोलाज, वहीतल्या रेघोट्या, काहीही चालेल. वस्तू कशी झाली ते नको, करताना मनात काय झालं ते लिहा.

एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगामुळे सॅनिटोरियममध्ये होता. खाटेशेजारच्या वस्तू चितारता चितारता त्याला उभारी आली, मग तो इतर रुग्णांनाही शिकवू लागला. 'आर्ट थेरपी', म्हणजे कलेच्या आधाराने मनावर उपचार, हा शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे, १९४२ च्या सुमारास.

माझ्यापासून सुरुवात करते. बाबा गेल्यावर मला रडूच येईना. कोळशाच्या कांडीने मोठाले कागद नुसते काळे करत बसायचे. मग मऊ खोडरबराने त्या काळ्यातून उजेड काढायचा. असंच एकदा खोडता खोडता बाबांच्या कपाळाची कड उमटली, आणि तिथे माझा बांध फुटला. ठरवून त्यांचा चेहरा काढायला बसले असते तर सगळं लक्ष तो हुबेहूब येतोय का, यातच गेलं असतं.

*

मला चित्रकला येत नाही, क्रोशे येतं. रात्री पॅनिक अटॅक यायचे. श्वास मोजा म्हणायचे सगळे, पण श्वासाकडे लक्ष गेलं की भीती आणखी वाढायची. टाके मोजताना तसं होत नाही. सुईवर धागा घ्यायचा, फासातून ओढायचा, पुन्हा घ्यायचा. दोन-चार ओळी होईपर्यंत धडधड उतरलेली असते.

आणि उसवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. इथे टोक ओढलं की लोकर पुन्हा हातात. घरचे विचारतात, एवढं विणतेस तर पूर्ण का करत नाहीस? पूर्ण करण्यासाठी मी विणतच नाही.

*

भाच्याचे आईवडील वेगळे झाले तेव्हा पोरगं अगदी घुमं झालं. काहीही विचारा, उत्तर एकच, "काही नाही." डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांबरोबर एक खेळ खेळत. एकाने मनात येईल तशी रेघोटी मारायची, दुसऱ्याने तिच्यातून काहीतरी काढायचं, मग पाळी उलटवायची. मी तज्ज्ञ नाही, पण खेळायला कुणाची हरकत? माझ्या बहुतेक रेघोट्यांची तो घरं करायचा. मी त्यावर चकार शब्द काढला नाही. बऱ्याच दिवसांनी, रेघ ओढता ओढता, मान वर न करता त्यानेच विचारलं, "मामा, माझी सायकल कोणत्या घरी राहणार?"

मी आधीच घरांचा अर्थ लावत बसलो असतो तर तो प्रश्न आतच राहिला असता. मुलांची चित्रं 'वाचायला' जाऊ नका, ही कळकळीची विनंती. काळा रंग घेतला म्हणजे मूल दुःखी, असं काही नसतं.

*

माझं दुखणं रागाचं. मातीकाम शिकायला लागलो. भांडं घडवण्याआधी माती मळून तिच्यातली हवा काढावी लागते, तळहाताने रेटून रेटून. निम्मा राग तिथेच जिरतो. चाकावर मात्र तो चालत नाही, जरा जोर जास्त झाला की भांड्याची भिंत बसते.

*

माझा सूर वेगळा आहे, पण लिहायलाच हवं. लहानपणच्या अत्याचाराच्या आठवणी वर आल्या तेव्हा मी एकटीच जलरंग घेऊन बसले. ओल्या कागदावर लाल रंग पसरत गेला आणि आवरेना, तोही आणि मीही. कित्येक रात्री झोप नव्हती. पुढे प्रशिक्षित आर्ट थेरपिस्टकडे गेले. त्यांनी आधी रंग दिलेच नाहीत. पेन्सिली दिल्या आणि कागदावर एक चौकट आखली. काढायचं ते चौकटीत, नकोसं झालं की कागद पालथा घालायचा. डॉक्टरांची औषधं तेव्हाही चालू होती, आजही आहेत.

*

हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. सँड्रा केगिन आणि विया लुसेब्रिंक या दोघी आर्ट थेरपिस्टनी १९७८ मध्ये याची रीतसर मांडणी केली होती. जलरंगासारखी वाहती साधनं भावना मोकळ्या करतात, पेन्सिलीसारखी टणक साधनं ताबा देतात. मी गोठले होते, मला पसरणारा कोळसा मानवला. जिचं आतून उसळतंय तिला आधी चौकट हवी. जुनी, खोल जखम असेल तर एकट्याने रंगांना हात घालू नका.

*

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. ड्यूटी संपली की घरात शिरण्याआधी वहीच्या एका पानावर तैलखडू फिरवते, आकार नाही, काही नाही. 'येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, पण माझ्या रोजच्या पानाशी जुळणारा आहे.

*

सासऱ्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. आयुष्यभर सुंदर अक्षर असलेला माणूस, डाव्या हाताने लिहिलेलं बघून वही भिरकावून द्यायचे. आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराने १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रंगवलेले कागद कापून चित्रं केली, हे मी त्यांना दाखवलं. कात्री जमेना, तर ते फाडू लागले. फाटलेल्या कडेला पांढरी किनार सुटते, ती त्यांना आवडते. आता नातवाला रंग सांगतात आणि तो कागद रंगवून देतो. अडचण एकच, फाडताना कागद सरकतो. एका हाताने काम करणाऱ्या कुणाला उपाय माहीत आहे का?

*

कागदाची एक कड चिकटपट्टीने टेबलाला पक्की करा आणि स्वतःकडे ओढत फाडायला सांगा. माझ्या आईला असंच जमलं.