पानांच्या समासातल्या त्या कविता

आयरिश भिक्षूंनी लॅटिन व्याकरणाच्या पोथीत कविता लिहिल्या त्या निव्वळ विरंगुळा म्हणून, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. स्वित्झर्लंडमधल्या झांक्ट गालेनला असलेली प्रिस्कियन या लॅटिन व्याकरणकाराच्या ग्रंथाची प्रत घ्या, इ.स. ८५०च्या आसपासची. आयर्लंड रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं, त्यामुळे तिथल्या मुलांना लॅटिन पुस्तकातूनच शिकावी लागे. या पोथीत ओळींच्या मध्ये आणि कडेला मिळून नऊ हजारांहून जास्त टिपा आहेत, त्यातल्या तीन हजारांहून जास्त आयरिशमध्ये! शिवाय कुठला शब्द कुणाशी जोडायचा ते दाखवायला शब्दांच्या वर-खाली बारीक ठिपके आणि रेघा. अन्वय लावून देणारे गुरुजीच दिसतात मला त्यात.

आणि त्याच पानांच्या समासात ती कविता: आज रात्री वारा बोचरा आहे, समुद्राचे पांढरे केस विस्कटतोय, तेव्हा अशा समुद्रातून नॉर्वेचे लढवय्ये येण्याची भीती नाही. चारच ओळी, पण व्हायकिंगांची, म्हणजे या समुद्री लुटारूंची, दहशत किती होती ते त्यातून थेट कळतं. दुसऱ्या एका कवितेत कवी झाडाखाली बसून लिहितोय आणि त्याच्या आखलेल्या वहीवर पक्षी गाताहेत. लिहिणं हाच तिचा विषय आहे, मग तिला अभ्यासापासून तोडायची कशी? योहान झॉयस या जर्मन अभ्यासकाने १८५३ साली जुन्या आयरिशचं व्याकरण बांधलं तेही अशाच टिपांच्या आधारावर.