मुलांचं गणित आणि घरातला मोबाईल: तुमचे अनुभव लिहा

कापूसवाली_धरणगाव: परवा लेक (सहावी) टॅबवर अपूर्णांक सोडवत होती, ३/४ + १/२. छेद समान करून झाले, अंशांची बेरीज चालली होती तेवढ्यात ओट्याजवळून आजी बोलली, "सव्वा". पोरगी बघतच राहिली. मला एकदम आमचे आजोबा आठवले, कापसाच्या पट्टीवर (विक्रीच्या बिलावर) पावकी-निमकीने, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांनी, तोंडी हिशोब करायचे आणि व्यापाऱ्याचं कॅल्क्युलेटर मागून यायचं. तुमच्याकडे ऑनलाइन गणित कसं चाललंय?

भुसावळकर: नाईट ड्युटी, मी घरी असतो तेव्हा पोरगा शाळेत. चार पर्याय दिसले की पठ्ठ्या अंदाजपंचे दाबत सुटतो, नाहीतर सरळ हिंट, हिंट दाबत गेलं की ॲप सगळं गणित सोडवूनच देतं. आता नियम केलाय, आधी वहीत, मग मोबाईलवर. सकाळी आलो की वही पाहतो, स्कोअर पाहतच नाही.

बिबडे_स्पेशल: ते सगळं ठीक पण आजी ओट्याजवळ काय करत होत्या 😋

कापूसवाली_धरणगाव: कळण्याची भाकर अन् शेवभाजी 😀

आईसाहेब७७: आमच्याकडे खान अकॅडमी, ऑनलाइन शिकवणारी साईट. नाव ऐकून सासूबाई म्हणे सलमान खानची का, म्हटलं हो, काढणाऱ्याचं नाव खरंच सलमान खान आहे, फक्त तो हा नव्हे. मुलगी सातवीत, पण आधी सहावीचं कोर्स चॅलेंज (पूर्ण कोर्सवरची चाचणी) द्यायला लावलं तेव्हा कळलं की समीकरण अडत नव्हतं, ऋण संख्यांची वजाबाकी अडत होती. फुकट आहे हे महत्त्वाचं. एक पेड ॲपवाले घरी येऊन "तुमचं मूल मागे पडेल" म्हणत बसले होते, चहा पाजून पाठवले.

झेडपी_मास्तर: पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर स्कॅन करा. आणि जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं ॲप बघाच, फुकट आहे. त्रिकोण काढायचा, कोन मोजायला लावायचे, मग एक टोक बोटाने ओढायचं. तिन्ही कोन बदलत राहतात पण बेरीज १८०च. आमच्या वर्गात एकीने त्रिकोण पार चपटा करून टाकला, सर आता तरी मोडेल म्हणे. नाही मोडला. अर्धा तास पोरं तेच करत होती, मी थांबवलं नाही.

भो_यावल: आम्हना आंडोर (पोरगा) गणितना नाव काढं की त्यानं पोट दुखस, मोबाईल दिधा की लगेच बरं 😂

रावेर_केळी: अन् लाईट गेली की रेंजबी जाते. बालभारतीच्या साईटवरून पुस्तकाची पीडीएफ उतरवून ठेवली आहे, तीच कामाला येते.

चाळीसगाव_एक्स्प्रेस: गणिताचा विषय निघालाच आहे तर सुट्टीत पोरांना आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला आणा. जुने गणिती भास्कराचार्य, त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने तिथे मठ काढला होता, सन १२०७ चा शिलालेख आहे. म्हणजे गणिताचा क्लास आपल्याकडे जुनाच 😄

आईसाहेब७७: पावसाळ्यात रस्ता बरा असतो का? सोबत म्हातारी माणसं आहेत

बिबडे_स्पेशल: शेवभाजीची रेसिपी कोणी टाकणार आहे की नाही